आधी मला येऊन सांग

पालकहो,

बोईसरच्या चाळीत सकाळी दहा वाजता चार वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाइल का असतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कंपनीत रात्रपाळी करून आलेले बाबा त्याच खोलीत झोपलेले असतात. खोली एकच. आई पहिल्या पाळीला गेलेली असते, घरी असलीच तर स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं यांत अडकलेली. बाबांची झोप मोडली तरी रात्री पुन्हा मशीनवर उभं राहायचंच आहे, आणि पेंगुळलेल्या माणसाने मशीनवर उभं राहणं किती धोक्याचं असतं हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला सांगावं लागत नाही. मग पोराला गप्प बसवायचं कसं? आवाज बंद करून कार्टून लावून दिलं की ते तासभर हलत नाही. त्या आईला ‘मुलाला मोबाइल देऊच नका’ असं बजावणाऱ्यांनी तिच्या खोलीत एक सकाळ काढून पाहावी.

म्हणून तुमच्याशी बोलायला मी इथूनच सुरुवात करते. मोबाइल आपल्या घरांत चैनीखातर आलेला नाही. सातपाटी-दांडीची बोट समुद्रात गेली की रेंज असेपर्यंत घराशी तोच धागा. मुंबईला अपडाऊन करणाऱ्या आईबाबांची डहाणू लोकल मध्येच अडकली तर ‘कुकर लावून ठेव, मला उशीर होतोय’ हे कळवायला तोच. आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर शाळेनेच तो मुलांच्या हातात द्यायला लावला. व्हॉट्सॲपच्या गटावर गृहपाठ, दीक्षा ॲपवर धडे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एक तर रेंज नाही, नाही तर घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला. पुढे वर्ग भरले, फळे-खडू परत आले. ज्यांच्याकडे फोन होता, त्यांच्या हातात मात्र तो राहिलाच. तो परत कसा मागायचा, हे कुणी आपल्याला सांगितलं नाही.

मला तुमच्यापुढे एकच गोष्ट मांडायची आहे. किती मिनिटं, कोणतं ॲप, कोणतं कुलूप हे सगळं पुढचं. मोबाइलवर काही भलतं दिसलं, कुणी काही मागितलं, काही चुकलं, लाज वाटेल असं काही घडलं, तर आपलं मूल सगळ्यांत आधी आपल्याकडे येईल का? ते येणार की नाही, हे तो प्रसंग घडायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. आपण स्वतः घरात फोन कसा वापरतो आणि मुलाच्या हातून चूक झाली की कसे वागतो, यावरून ते ठरतं.

आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या दोन घटना यासाठी पुन्हा आठवाव्या लागतील. दोन्ही त्रासदायक आहेत. पण मुलांना दूरदेशीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा घराजवळच्या सांगाव्यात.

नोव्हेंबर २०१२. सतरा तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. अठराला, रविवारी, मुंबईत अंत्ययात्रा निघाली आणि सगळीकडे कडकडीत बंद होता. पालघर तेव्हा अजून ठाणे जिल्ह्यात होतं. गावातल्या २१ वर्षांच्या एका मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. शिवीगाळ नाही, फक्त हा बंद कशासाठी असा सवाल. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. पोस्ट मग काढूनही टाकली, माफीही मागितली. तोवर ती गावभर झाली होती. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली, एकीला लिहिल्याबद्दल आणि दुसरीला निव्वळ लाइक केल्याबद्दल. देशभर गदारोळ उठला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झालं. पण ज्या कलमाखाली ही अटक झाली होती, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ, त्याला श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कायद्याच्या पुस्तकांत आपल्या पालघरचं नाव आहे ते या दोन मुलींमुळे.

मुलांना ही गोष्ट सांगताना एक मोह आवरा. ‘बघ, म्हणून काही लिहायचं नाही, तोंड मिटून बसायचं’ असा धडा त्यातून काढू नका. न्यायालयाने त्याच्या नेमकं उलट सांगितलं आहे: मत मांडणं हा गुन्हा नाही. मुलांना सांगायचं ते वेगळं आहे. लिहिलेलं पुसता येतं, पण कुणीतरी आधीच त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. नुसतं बोट टेकवणं हेही बोलणंच असतं. आणि न्याय मिळायला वर्षं लागतात, पहिल्या रात्री मात्र दाराशी घरचीच माणसं असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे सगळं समजतं. आपण त्याला समजेल असं गृहीत धरत नाही, म्हणून सांगत नाही.

दुसरी घटना सांगताना आजही आवाज जड होतो. १६ एप्रिल २०२०ची रात्र, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस होते. त्याआधी कित्येक दिवस या पट्ट्यातल्या गावांत मेसेज फिरत होते: रात्री चोर येतात, मुलं पळवणारी टोळी फिरते, किडन्या काढतात. गावोगाव लोक रात्रीचा पहारा देत होते. कांदिवलीहून सुरतेला अंत्यसंस्कारासाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक त्या रात्री तिथे अडवले गेले आणि जमावाने तिघांचाही जीव घेतला. शंभराहून जास्त लोकांना पकडलं, त्यांत नऊ जण अल्पवयीन होते. ही नऊ मुलं मला विसरता येत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांनी ज्या मेसेजवर विश्वास ठेवला, त्यावर त्यांनीही ठेवला असेल. खरं-खोटं कसं तपासायचं हे त्यांना शिकवणार कोण होतं? पुढचे काही दिवस त्या हत्येवरूनच नव्या खोट्या गोष्टी पसरल्या. तिला धर्माचा रंग दिला गेला, आणि तो खोडून काढायला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची नावं जाहीर करावी लागली.

याच्या दोनच वर्षं आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं होतं. देशात त्या वर्षी असं ठिकठिकाणी घडलं. त्यानंतरच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बऱ्याच हातांतून फिरत आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी पुढे फक्त एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही दोन बाणांची खूण आज मुलाला दाखवा. तिचा अर्थ इतकाच: हे लिहिणारा कोण, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल ही खूण ओळखायला शिकतं आणि मग आजोबांचे मेसेज तपासत बसतं. तपासू द्या.

आपल्या भागात अफवेला जमीनही तयार असते. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. जानेवारी २०२० मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्यातल्या स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटर दूर गेला. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या परिसरात लोक थंडीत घराबाहेर झोपले. अशा वेळी ‘आज रात्री बारा वाजता मोठा धक्का बसणार’ असा मेसेज आला की आपण काय करतो? भीतीपोटी, आपल्या माणसांच्या काळजीपोटी, पुढे पाठवतो. हेतू चांगलाच असतो. पण मूल शेजारी बसून पाहत असतं आणि शिकतं की काही आलं की आधी पाठवायचं, विचार मग करायचा. याऐवजी मुलाच्या देखत मोठ्याने म्हणा, ‘थांब, हे खरं आहे का बघू.’ भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही हे त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातून त्यालाच काढायला सांगा. कारखान्यात काही झालं असेल तर तहसीलदार, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस यांच्याकडून काही आलंय का पाहा. तेवढी पाच मिनिटं मुलाच्या मनात राहतात.

आणि एक कळकळीचं सांगणं: अपघाताचे, जळलेल्या माणसांचे, रेल्वे रुळांवरचे फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकू नका. तो गट मुलं उघडतात. मृत माणसाचे घरचेही आपल्याच गावात राहतात.

आता घरातल्या नियमाविषयी. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, बांशी गावच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी वाट धरली. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाइल दीड तास बंद होतात. मुलं पुस्तकं घेऊन बसतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे लोक सुरुवातीला घरोघर जाऊन विचारपूस करत होते. बांशीच्या लोकांची काळजी मला कळते. ऑस्ट्रेलियानेही डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. ती काळजी सगळ्या जगाला लागली आहे. पण घरात करायचं झालं तर मी वडगावची वाट धरीन. तिथे भोंगा वाजला की आजीची मालिकाही बंद होते. एकट्या मुलावर घातलेली बंदी मुलाला शिक्षा वाटते, आणि शिक्षा चुकवायला मूल लपवाछपवी शिकतं. सगळ्यांनी मिळून फोन बाजूला ठेवला तर ती घरची रीत होते, देवघरात चप्पल घालून न जाण्यासारखी. तिच्याविषयी कुणी भांडत बसत नाही.

पण आपल्याकडे सात वाजता सगळे घरी असतातच कुठे? दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. चर्चगेटहून निघालेल्याला बोईसरला पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. म्हणून वडगावचा सातचा ठोका जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्या घरचा ठोका आपल्या पाळीप्रमाणे बदलावा लागेल. पाळीचा तक्ता घरात कुठे तरी लावलेला असतोच. त्याच्याच बाजूला या आठवड्याची फोनची वेळ लिहा. बाबांची दुसरी पाळी असेल तर जेवणाची एकत्र वेळ सकाळची; त्या वेळी फोन फडताळात. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी मुलाला फोन द्यावाच लागणार असेल तर चोरून, अपराधी वाटून देऊ नका, ठरवून द्या: दोन गोष्टींचे व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलेले, इंटरनेट बंद. मग एकामागून एक काहीही आपोआप सुरू होत राहत नाही. असं आपोआप सुरू होत राहणं हाच मला यातला सगळ्यांत मोठा धोका वाटतो. मूल गणपतीच्या गोष्टीपासून सुरुवात करतं आणि अर्ध्या तासात भलत्याच ठिकाणी पोहोचतं, आणि आवाज बंद असल्यामुळे आपल्याला ते कळतही नाही. आणि रोज फोनच हवा असं नाही; मूल कधी शेजारच्या काकूंकडे ओटीवर तासभर, कधी अंगणवाडीत. शेजारी-शेजारी दोघींच्या पाळ्या उलट असतील तर मुलांची अदलाबदल करा. चाळीत ही सोय आहे, ती मोठ्या इमारतींत राहणाऱ्यांकडे नसते.

लहानग्यांबाबत बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मध्ये दिलेलं मार्गदर्शन सोपं आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नको. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाच्या आत, आणि शक्य तेव्हा मोठं माणूस शेजारी. पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. त्याहून मोठ्यांसाठी आकड्यापेक्षा झोप, खेळ, अभ्यास, घरच्यांशी बोलणं यांतलं काय कमी झालं ते पाहायचं. एखाद्या दिवशी हा आकडा मोडेल. मोडू दे. पण मूल जेवताना मोबाइल लागल्याशिवाय घास गिळत नसेल, तर तिथे मात्र चार-आठ दिवस रडणं सोसून ती सवय मोडा. आणि रात्री फोन अंथरुणात नको, मोठ्यांच्याही. चार्जर सगळ्यांचे एकाच ठिकाणी, झोपायच्या जागेपासून जमेल तितके लांब. एका खोलीत लांब म्हणजे मोरीजवळच्या फळीवर, चालेल.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. गेममध्ये कुणाशी तरी ओळख होते. समोरचा स्वतःला मुलगी म्हणवतो, गोड बोलतो, फोटो पाठवतो, याचा फोटो मागतो. हा पाठवतो. पाचच मिनिटांत मेसेज येतो: पैसे दे, नाही तर हा फोटो तुझ्या शाळेच्या गटावर टाकतो. मुलींच्या बाबतीत आपण थोडे तरी सावध असतो. मुलग्यांच्या बाबतीत असं घडतं हेच आपल्या डोक्यात येत नाही. त्या मुलाची ती रात्र डोळ्यांसमोर आणा. एका खोलीच्या घरात सगळे झोपलेत, तो तोंडावर चादर ओढून मेसेज वाचतोय. बाबांना उठवावं का? त्याला आठवतं की मागच्या महिन्यात गेमवर शंभर रुपये गेले तेव्हा बाबांनी फोन हिसकावून घेतला होता आणि चार माणसांत थोबाडीत मारली होती. तो बाबांना उठवत नाही. आईच्या फोनवरचं पैशांचं ॲप उघडतो.

शंभर रुपयांच्या वेळी आपण जसे वागलो, त्याचीच किंमत पुढे अशी मोजावी लागते. म्हणून छोट्या चुकीला छोटीच वागणूक द्या. आणि हे वाक्य मुलाला स्पष्ट शब्दांत, एकदा नव्हे तर दर काही महिन्यांनी सांगा: ‘काहीही झालं तरी आधी मला येऊन सांग. मी ओरडणार नाही, तुझा फोन काढून घेणार नाही, आधी आपण मार्ग काढू.’ आणि ते खरंच आलं तर शब्द पाळा. राग येईल, हात उगारावासा वाटेल; बाहेर जाऊन पाणी पिऊन या, पण परत या. समजायचं असेल ते त्या मुलाला आधीच समजलेलं असतं. मुलांना सगळ्यांत जास्त भीती फोन जाण्याची असते, हे आपल्याला हास्यास्पद वाटतं. त्यांच्यासाठी फोन जाणं म्हणजे मित्र जाणं. ती भीती काढून घेतली की निम्मी मुलं बोलतील, असं माझं मत आहे.

मूल सांगायला आलं की काय करायचं, हे आधीच माहीत असू द्या. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसायचे नाहीत, त्यांचे फोटो काढून ठेवायचे, मग समोरच्याला ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार देता येते, आणि मुलांविषयीच्या तक्रारीसाठी तिथे वेगळी सोय आहे. मुलासाठी मदत हवी तर १०९८. मूल सुन्न झालंय, जेवत नाही, ‘मला जगायचं नाही’ म्हणतंय, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६. रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा नको तसा फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोची एक अंकी खूण तयार होते आणि तिच्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो आपल्या जागेवर येऊ देत नाहीत. आणि अठराखालच्या मुलाला कुणी असं छळलं तर तो २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात दोष मुलाचा नाही. मुलगा असो वा मुलगी. हे क्रमांक फोनमध्ये तर असू द्याच, पण पाळीच्या तक्त्याखालीही लिहा; फोनच बंद पडला तर भिंत कामी येते.

ओरडायचं नाही आणि नजर ठेवायची आहे, तर जवळ जायचं कसं? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात फार आधी कुणीतरी दिलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. या दोघींनी मुलांना ‘शाळेत या’ म्हणून हाकारत बसण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पाड्यांवरच्या अंगणांत बालवाडी भरवली, आणि पुढे देशभर पोहोचलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथेच सापडतं. मूल जिथे आहे तिथे जाण्याची ही रीत आहे. आज आपलं मूल गेममध्ये आहे, रील्समध्ये आहे. तिथे जा. शेजारी बसा आणि विचारा, ‘हा कोण? हे जिंकलं तर काय मिळतं? यात तुझ्याशी कोण बोलतं?’ पहिल्या दिवशी ते तुटक उत्तरं देईल. चौथ्या दिवशी तुमच्या हातात फोन देऊन म्हणेल, तुम्ही खेळून बघा. तुम्ही हराल, ते खूश होईल. त्या अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते कुठलंही नजर ठेवणारं ॲप सांगणार नाही. त्याला गेममध्ये शिव्या देणारे कोण आहेत, कुठल्या रीलवर ते हसत नाही, हेही कळेल.

आई-वडील दोघंही लिहिण्या-वाचण्यात कच्चे असतील तरी हे जमतं. किंबहुना तिथे मुलालाच गुरू करा. ‘मला पैसे पाठवायला शिकव, खोटी लिंक कशी ओळखतात ते दाखव.’ शिकवताना त्याचीही उजळणी होते.

काही गोष्टी मात्र मोठ्यांनीच करायच्या आहेत. पैशांच्या ॲपचा पिन मुलाला सांगू नका. दुकानात पाठवायचं तर रोख द्या. ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानेच बंदी घातली आहे. तरीही कुणी लिंक पाठवून ‘हे ॲप टाक, रोज पाचशे मिळतील’ म्हणत असेल, तर तो नुसता खेळ नाही, सापळा आहे, हे मुलांना आणि कंपनीतल्या मित्रांनाही सांगा. व्हॉट्सॲपवर मुलाला गटात कोण सामील करू शकेल ते ‘फक्त ओळखीचे’ असं करून ठेवा.

आणि जन्मसाल खरं टाका. इथे मला पालकांवर थोडं रागवायचं आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप यांची किमान वयोमर्यादा तेरा वर्षांची आहे. दहा वर्षांच्या मुलाचं खातं उघडून देताना आपणच जन्मसाल खोटं टाकतो, आणि ते मूल कंपनीच्या लेखी अठरा-वीस वर्षांचं होतं. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्राम भारतात अठराखालच्यांची खाती आपोआप खासगी ठेवतं, अनोळखी लोकांना त्यांना मेसेज करता येत नाही, आणि सोळाखालच्यांना ही बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते. खोट्या जन्मसालाने हे सगळं संरक्षण आपण आपल्या हाताने काढून टाकतो. तेरा पूर्ण नसतील तर खातं बंद करा. मूल चिडेल, चिडू दे. तेरा झाले असतील तर खरी तारीख घालून पुन्हा उघडा.

मुलाचे फोटो टाकताना शाळेचा गणवेश, चाळीचं नाव, रोजची ट्यूशनची वेळ त्यात दिसत नाही ना, एवढं बघा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला टाकण्याआधी विचारा. ते ‘नको’ म्हणालं तर नका टाकू. आपला फोटो कुठे जावा यावर आपला शब्द चालतो, हे त्याला घरात कळलं, तर उद्या बाहेरच्याने फोटो मागितल्यावर ‘नाही’ म्हणायला ते घरातच शिकलेलं असेल.

हे नियम एकदा करून भिंतीला चिकटवून टाकायचे नाहीत. पाळी बदलली, शाळा बदलली, की पुन्हा बसून बघायचं. दहावीनंतर तर सगळंच पालटतं. अकरावीसाठी मूल लोकलने पालघरला जाऊ लागतं आणि आपण स्वतःहून त्याला फोन घेऊन देतो, प्रवासात हवा म्हणून. तो देण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी ठेवा. सिम आपल्या नावावर असतं, म्हणजे त्या नंबरवरून काही झालं तर विचारणा आपल्याकडे येते, हे त्याला सांगा. पासवर्ड काय असेल, कोणत्या वेळी फोन घरात बाजूला राहील, किती महिन्यांनी त्याची मोकळीक वाढेल, हे त्यालाच मांडायला लावा. सोळा वर्षांचं मूल आपल्यापेक्षा कडक नियम सुचवतं आणि तुम्ही ते थोडे सैल करता, असंही होतं. तुम्ही त्याचा फोन कधी बघणार, कशासाठी बघणार, हेही त्याच वेळी ठरवून सांगा, आणि बघायचा असेल तेव्हा त्याच्या समोर बघा.